गिटार शिकायला बसताना: कोल्हापूरच्या नवशिक्यांसाठी पहिल्या तीन महिन्यांचं काम

नवी गिटार घरी येते, दोन आठवडे बोटं सोलवटतात आणि मग ती कव्हरात घालून कपाटावर जाते. यात आळसाचा वाटा असतो, पण वाटतो तितका नाही. स्वस्त गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या फळीपासून, गरजेपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंच असतात आणि त्या दाबताना अनुभवी माणसाचंही बोट दुखेल. नवशिक्याला मात्र वाटतं की आपलाच हात कच्चा आहे.

दुसरी अडचण शिकण्याच्या क्रमाची. कोल्हापूर हे शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचं, गायन समाज देवल क्लबचं शहर. इथल्या गल्लीतल्या भजनी मंडळातही ‘काळी दोन धरा’ म्हटलं की पेटीवाल्याचं बोट बरोबर तिथं जातं. सारेगम, केरवा, पट्टी हे सगळं इथल्या बऱ्याच मुलांच्या कानात आधीच असतं. तरी गिटार शिकवताना ते बाजूला ठेवून सगळं शून्यापासून, परक्या नावांनी सुरू होतं. तसं करायची गरज नाही. म्हणून या लेखात आधी वाद्य नीट करून घेऊ आणि मग जे कानात आहे तेच बोटांवर आणू.

कोणती गिटार घ्यावी

गाण्याला साथ करायची असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार घ्या. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते. लहान हातांना त्यावर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरणं जड जातं आणि पिकनं, म्हणजे तारा छेडायच्या पातळ पत्तीनं, वाजवताना तिचा आवाज दबका येतो. इलेक्ट्रिक गिटार दाबायला सगळ्यांत सोपी, मात्र तिला अॅम्प्लिफायर लागतो आणि खर्च तिथंच वाढतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलचा ७० किलोपर्यंत जातो. त्या ओढीनं ब्रिज (पोटावरची, तारा अडकवायची पट्टी) उखडतो किंवा मान वाकते आणि ही दुरुस्ती गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

मापाचं बघताना ४१ इंची मोठी गिटार दिसायला भारी वाटते. पण तिचं पोट खोल असतं आणि कमी उंचीच्या माणसाचा उजवा खांदा तिच्यावरून हात टाकताना वर उचलला जातो. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर ३८ ते ४० इंची बघा. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना ३६ इंची पुरते. डावखुऱ्यांनी आधी नेहमीच्या उजव्या पद्धतीनंच महिनाभर प्रयत्न करावा. डावखुरी गिटार दुकानात सहज मिळत नाही, आणि डाव्या हाताची बोटं चपळ असणं हा फ्रेटबोर्डवर फायदाच आहे.

बजेट साधारण सहा ते दहा हजार ठेवावं. याहून फार खाली गेलात तर खुंट्या ढिल्या आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचरी मिळण्याची शक्यता वाढते. याच किमतीत कुणी आतल्या पिकअपची (आवाज स्पीकरकडे नेणाऱ्या यंत्राची), दिवे लागणारी गिटार दाखवली तर नको म्हणा. तो पैसा लाकडातून आणि खुंट्यांतून काढलेला असतो.

दुकानात काय तपासायचं

सोबत सहा इंची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि फोनमध्ये ट्यूनरचं अॅप न्या. दुकानदाराला आधी गिटार सुरात लावायला सांगा. तारा सैल असताना केलेली कुठलीच तपासणी खरी नसते.

पहिली तपासणी तारांच्या उंचीची. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटर असेल तर उत्तम. तीनच्या वर गेली की त्रास सुरू होतो, चारला तर ती गिटार आहे तशी शिकण्याच्या कामाची नाही.

मग नट बघा. नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पांढरी पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. कागदाएवढी, जेमतेम दिसेल अशी फट हवी. फट मोठी असेल तर खाचा उथळ कोरल्या आहेत. अशा गिटारवर नेमक्या पहिल्या फ्रेटजवळच्या, म्हणजे नवशिक्याच्याच सगळ्या कॉर्ड कडक लागतात आणि जोर लावून दाबल्यावर सूर चढतो.

मान सरळ आहे का ते असं बघतात: सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि मान पोटाला मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी जागा असावी. तिथून माचिसची काडी जात असेल तर मान पुढं वाकली आहे. जागाच नसेल तर ती मागं वाकली आहे आणि तारा खरखरतील.

शेवटी सहाही तारा पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक दाबून वाजवा. कुठं खरखर येते का ऐका. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला ही खरखर गोड वाटू शकते. तिथं ती मुद्दाम दोरा सरकवून काढलेली असते, गिटारवर मात्र तीच फ्रेट वर-खाली बसल्याची खूण आहे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेचाच सूर, वरच्या सप्तकातला, असायला हवा. ट्यूनरवर तो पाच सेंटपेक्षा (सेंट म्हणजे सुराचा फरक मोजायचं बारीक माप) जास्त चढा किंवा उतरा दिसला तर दुसरी गिटार काढायला सांगा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा घालून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे, ती गिटार घेऊच नका.

उंच तारा खाली आणणं

गिटार आधीच घरात असेल आणि तारा उंच असतील तर ती बदलण्याआधी सेटअप करून घ्या. खर्च थोडा, फरक प्रचंड. कोल्हापूरकरांना मिरज जवळ, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचं नाव देशभर आहे. पण सतारीची घोडी आणि गिटारचा सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी, ही वेगळी कामं. म्हणून कुणाकडेही देण्याआधी गिटारच्या मानेतली सळई जुळवलेली आहे का, हे थेट विचारा.

काम याच क्रमानं व्हावं: आधी मान, मग नट, सगळ्यांत शेवटी सॅडल. मानेच्या आतली सळई पोटाच्या भोकातून किंवा डोक्याकडून अॅलन कीनं फिरते. उजवीकडे घट्ट केली की पुढं वाकलेली मान सरळ होते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावायचा, मान स्थिर होऊ द्यायची, मोजायचं. किल्ली अडली तर थांबा. जोर लावून सळई तुटली तर ती गिटार जवळजवळ गेलीच.

सॅडल खालून घासतात, वरून नाही. बाराव्या फ्रेटवर तार जेवढी खाली हवी त्याच्या दुप्पट सॅडल घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर एक मिलिमीटर घासायचा. पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून सॅडल त्यावर सरळ ओढा. हातात धरून घासला की तळ गोल होतो आणि आवाज मरतो. जुना सॅडल तसाच ठेवून नव्या सॅडलवर हे काम केलं तर चूक झाली तरी परत फिरता येतं.

याच वेळी ‘दहाचा’ तारांचा सेट लावून घ्या. त्यातली पहिली तार ०.०१० इंच जाडीची असते. नव्या गिटारवर बऱ्याचदा अकरा किंवा बाराचा सेट येतो. दहाचा सेट आवाजाला थोडा बारीक, पण पहिल्या तीन महिन्यांत बोटांची दया त्यालाच येते.

बसणं आणि धरणं

पेटी-तबल्याच्या सवयीनं आपण मांडी घालून बसतो. गिटारसाठी सुरुवातीला ते टाळा. मांडीवर गिटारची मान खाली झुकते, ती सावरायला डाव्या हाताचा तळवा आधार देतो, मनगट मुडपतं आणि बोटं तारांवर आडवी पडतात. हात नसलेली साधी खुर्ची घ्या आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. गिटारची कंबर उजव्या मांडीवर आणि मानेचं टोक खांद्याच्या पातळीकडे थोडं वर असू द्या. पट्टा असेल तर बसूनही गळ्यात घाला. डावा हात पूर्ण सोडून दिला तरी गिटार जागची हलता कामा नये.

डाव्या हाताची नखं बोटाच्या मांसाखाली असू द्या. अंगठा मानेच्या पाठीवर, पहिल्या आणि मधल्या बोटाच्या समोर. बोटाचं टोक फ्रेटच्या धातूच्या अगदी मागे टेकवा, त्याच्यावर नाही आणि दोन फ्रेटच्या मधोमधही नाही. मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरी तार खरखरते.

किती दाबायचं हे हाताला एकदाच शिकवा. तारेवर बोट नुसतं टेकवून वाजवत राहा, टकटक असा मेलेला आवाज येईल. हळूहळू दाब वाढवा आणि सूर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबा. बस, तेवढाच जोर. नवशिके याच्या तिप्पट दाबतात आणि मग अंगठ्याच्या मुळाशी दुखतं.

सूर लावणं

तारांची मोजणी खालून वर: सगळ्यांत बारीक पहिली, सगळ्यांत जाड सहावी. जाडीकडून बारीकाकडे सूर आहेत ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. कंपनं अनुक्रमे साधारण ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ.

ट्यूनर फक्त सुराचं नाव दाखवत असेल तर सप्तकाची चूक होते. नवशिक्याची पहिली तार तुटते ती बहुधा अशीच: ई कधीच येऊन गेलेला असतो आणि तो पुढच्या ई कडे ओढत राहतो. हर्ट्झ दाखवणारं अॅप वापरा आणि खुंटी फिरवताना तार सतत छेडत राहा, म्हणजे सूर वर जातोय की खाली ते कानाला कळतं.

सूर नेहमी खालून वर आणून थांबवा. चढला तर तार चांगली उतरवून पुन्हा वर या. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांतला ढिलेपणा तसाच राहतो आणि दोन मिनिटांत तार उतरते.

अॅप नसेल तर सहावी तार पेटीवरून घ्या. तिच्या पाचव्या फ्रेटचा सूर म्हणजे मोकळी पाचवी. पाचवीच्या पाचव्या फ्रेटवर चौथी, चौथीच्या पाचव्यावर तिसरी, तिसरीच्या मात्र चौथ्या फ्रेटवर दुसरी, आणि दुसरीच्या पाचव्यावर पहिली.

मंडळात पेटीसोबत वाजवायचं असेल तर एक सावधगिरी. जुनी पेटी बरेचदा ४४० हर्ट्झच्या, म्हणजे ट्यूनरच्या नेहमीच्या हिशेबात नसते. तिची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा आणि ट्यूनर काय दाखवतो ते बघा. ४४४ दिसलं तर अॅपमधला पायाच ४४४ करा आणि त्यावर गिटार लावा. पेटी बदलता येत नाही, गिटारलाच तिच्याकडे जावं लागतं.

आधी सरगम, मग कॉर्ड

पहिला आठवडा कॉर्डला हात लावू नका. पांढरी एकची सरगम पहिल्या तीन फ्रेटमध्येच बसते:

सा: पाचवी तार, तिसरा फ्रेट
रे: चौथी मोकळी
ग: चौथी, दुसरा फ्रेट
म: चौथी, तिसरा फ्रेट
प: तिसरी मोकळी
ध: तिसरी, दुसरा फ्रेट
नि: दुसरी मोकळी
वरचा सा: दुसरी, पहिला फ्रेट

पहिल्या फ्रेटवर पहिलं बोट, दुसऱ्यावर मधलं, तिसऱ्यावर अनामिका. हा नियम मोडू नका. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं साधन) ६० वर ठेवून प्रत्येक ठोक्याला एक सूर, आधी सरळ आरोह-अवरोह, मग सारेग, रेगम, गमप असे अलंकार. तोंडानं गात वाजवा. चुकीच्या फ्रेटवर बोट पडलं की गळा लगेच सांगतो, त्यासाठी शिक्षक समोर असावा लागत नाही. दहा-बारा दिवसांत एखाद्या ओळखीच्या आरतीचं धृपद स्वतः शोधून काढता येतं आणि तिथून पुढं मूल स्वतःहून गिटार उचलतं.

पाच कॉर्ड

आता ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी, याच क्रमानं.

ई मायनर: मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथीच्या दुसऱ्यावर, सहाही तारा वाजवा. ए मायनर: पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं चौथीच्या दुसऱ्यावर, अनामिका तिसरीच्या दुसऱ्यावर, पाचवीपासून खाली वाजवा. यातली फक्त अनामिका उचलून पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर नेली की सी तयार होते. बाकीची दोन बोटं हलतच नाहीत, त्यामुळे ए मायनर ते सी हा बदल सगळ्यांत आधी पक्का करा.

जी धरायचे दोन-तीन प्रकार आहेत. आमचं मत ठाम आहे: मधलं बोट पाचवीच्या दुसऱ्यावर, अनामिका सहावीच्या तिसऱ्यावर, करंगळी पहिलीच्या तिसऱ्यावर. सुरुवातीला करंगळी रडवते. पण इथून सी ला जाताना मधलं बोट आणि अनामिका जशीच्या तशी एकेक तार खाली सरकतात, आणि गाण्यात जी ते सी हा बदल सतत येतो. डी मध्ये पहिलं बोट तिसरीच्या दुसऱ्यावर, मधलं पहिलीच्या दुसऱ्यावर, अनामिका दुसरीच्या तिसऱ्यावर, आणि चौथीपासूनच वाजवायचं. सहावी तार मधे वाजली तर डी गढूळ होते.

कॉर्ड धरली की एकदम झणकारू नका. एकेक तार वेगळी छेडा. एखादी मुकी असेल तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: शेजारच्या बोटाचं पेर तिला टेकलंय, बोट फ्रेटपासून लांब पडलंय किंवा तळहात मानेला चिकटून पहिली तार दाबतोय. बोटांची पेरं कमानीसारखी उभी केली की पहिलं आणि तिसरं कारण बऱ्याचदा एकदमच सुटतं.

बदलासाठी घड्याळ लावा. एका मिनिटात दोन कॉर्डमधले बदल मोजा. सुरुवातीला दहा-बारा होतील. तीस झाले की त्या जोडीवर संथ गाणं वाजवता येतं, साठ झाले की पुढची जोडी घ्या. बदलताना बोटं एकामागून एक ठेवायची सवय लागली तर वेग वाढतच नाही. म्हणून कॉर्ड धरा, तारांपासून अर्धा सेंटिमीटर सगळी बोटं एकदम उचला आणि एकदम टेकवा. असं वीस वेळा.

एफ ची पूर्ण बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायची) तिसऱ्या महिन्याआधी नको. तोवर छोटी एफ वापरा: पहिलं बोट पहिल्या दोन तारांवर पहिल्या फ्रेटला आडवं, मधलं तिसरीच्या दुसऱ्यावर, अनामिका चौथीच्या तिसऱ्यावर, वाजवायच्या फक्त खालच्या चार तारा.

उजवा हात: केरवा आणि दादरा

पिक ०.६ ते ०.७ मिलिमीटरची घ्या. टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवा. घट्ट धरलीत तर ती तारांत अडकते, फार सैल धरली तर फिरते. हात कोपरातून नाही, मनगटातून हलू द्या.

केरव्याच्या आठ मात्रा आहेत. विषम मात्रांना हात खाली जातो, सम मात्रांना वर येतो. हात आठही मात्रा हलत राहतो, फक्त काही मात्रांना तो तारांना न लागता जातो. सगळ्यांत कामाचा नमुना असा:

खाली – रिकामा – खाली – वर – रिकामा – वर – खाली – वर

पाचव्या मात्रेला हात रिकामा खाली जातो, आणि नवशिका नेमका तिथं हात थांबवतो. थांबला की सहावीची ‘वर’ उशिरा येते आणि ठेका लंगडतो. आधी तारांवर डावा तळवा ठेवून त्या मुक्या करा आणि ‘धा गे ना ति न क धि न’ तोंडानं म्हणत नुसता हात चालवा. दोन दिवस हेच. मग ई मायनर धरून, मग दोन कॉर्ड बदलत. तबल्याचं अॅप मेट्रोनोमपेक्षा बरं, कारण त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कानाला कळते. कॉर्ड समेवर बदलायची.

दादऱ्यासाठी पहिल्या आणि चौथ्या मात्रेला कॉर्डची जाड मूळ तार एकटी छेडा, उरलेल्या चार मात्रांना खालच्या तीन तारांवर हलका हात. ए मायनर आणि सी ला ती पाचवी, डी ला चौथी, ई मायनर आणि जी ला सहावी. बाळाच्या पाळण्यापासून नाट्यगीतापर्यंत बरंच काही यात बसतं.

गाणाऱ्याची पट्टी आणि कॅपो

साथ करायची तर पट्टी गाणारा ठरवतो. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटला दाबून धरणारा चिमटा. कॅपोचा एक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची एक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही मोजून.

बायकांच्या आवाजाला काळी चार सर्रास लागते. जी, सी, डी, ई मायनर हे आकार धरा आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, झाली काळी चार. दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. पुरुषांच्या काळी एकला सी चे आकार कॅपो एकवर चालतात, पण त्यात एफ येते. ती जमत नसेल तर ए, डी, ई हे आकार कॅपो चारवर. ए साठी चौथी, तिसरी, दुसरी या तिन्ही तारा दुसऱ्या फ्रेटला दाबतात. ई साठी ए मायनरचाच आकार सगळा एक तार वर, जाड तारेकडे सरकवतात. काळी दोनला डी, जी, ए हे आकार कॅपो एकवर. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासा, कारण तो तारा किंचित चढवतो.

मराठी गाण्यांत आणखी एक सांभाळावं लागतं. चाल रागावर बांधलेली असेल तर कुठल्याही कॉर्ड चालत नाहीत. भूपात म आणि नि नाहीत. पांढरी एकला एफ वाजवली की म आणि जी वाजवली की नि कानात घुसतो. म्हणून सी आणि ए मायनरवर राहा, जी जपून. यमनात मध्यम तीव्र असतो, तिथं एफ च्या जागी डी घ्या. भैरवीची चाल असेल तर पांढरी तीनला सा धरा: ई मायनर, एफ, ए मायनर, सी, सगळे कोमल सूर यात आपसूक बसतात. आणि जिथं शंका येईल तिथं कॉर्ड सोडून नुसता सा-प धरून ठेवा. तंबोरा तेच करतो आणि गाणाऱ्याला ते आवडतं.

रोज किती

रोज पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं सूर लावणं आणि सरगम, दहा मिनिटं कॉर्डचे बदल, दहा मिनिटं ठेका. रविवारी सलग तीन तास बसण्यानं बोटं सोलतात आणि सोमवार-मंगळवार बुडतात. बोटांच्या टोकांना जळजळ होणं साहजिक आहे, तीन-चार आठवड्यांत तिथं घट्टा तयार होतो. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका, ओल्या कातडीत तार रुतते. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळात दुखलं तर मात्र तिथंच थांबा. ते बसण्याच्या किंवा दाबण्याच्या चुकीमुळे असतं, सरावानं जात नाही, वाढतं.

कोल्हापूरचा पावसाळा

जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते आणि गिटारचं लाकूड ती ओल पिऊन फुगतं. पुढची फळी किंचित वर येते, ब्रिज उचलला जातो आणि मेमध्ये नीट असलेल्या तारा ऑगस्टमध्ये उंच होतात. तेव्हा लगेच सॅडल घासायला देऊ नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की त्याच तारा फ्रेटवर खरखरतील. पावसाळ्यात फार त्रास झाला तर फक्त मानेची सळई जुळवा.

गिटार बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून किंवा माळ्यावर ठेवू नका. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि त्या महिन्याला बदला. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत गिटार ठेवली तर ब्रिजचा गोंद मऊ पडतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून-खालून पुसा. घामानं तारा गंजतात, पावसाळ्यात तर आठवड्यात काळ्या पडू लागतात. फ्रेटबोर्डला खोबरेल तेल अजिबात लावायचं नाही, ते खवट होतं आणि मळ धरतं.

तारा एरवी तीन महिन्यांनी आणि पावसाळ्यात खरखरीत लागल्या की त्याआधीही बदला. एका वेळी एकच तार काढा, म्हणजे मानेवरचा ताण अचानक सुटत नाही. जुनी तार पूर्ण सैल करून ब्रिजची पिन वर ओढा. नव्या तारेचा गोळा भोकात सोडा, पिन खाचेची बाजू तारेकडे ठेवून दाबा आणि तार वर ओढून गोळा आत अडकलाय का बघा. तो अडकला नसेल तर सूर लावताना पिन तोंडावर उडते. खुंटीच्या भोकातून तार ओढल्यावर पाच सेंटिमीटर ढील ठेवा, दोन-तीन वेढे पडतील एवढी. वेढे वरून खाली एकाखाली एक बसवा. सूर लागला की बाराव्या फ्रेटपाशी तार बोटानं हलकेच वर ओढा, उतरेल, पुन्हा लावा. चार-पाच वेळा हे केलं की ती टिकू लागते, तरीही पहिले दोन दिवस दर गाण्याआधी सूर तपासावा लागेल. उरलेलं टोक पक्कडनं खुंटीपासून दोन-तीन मिलिमीटरवर कापा, नाहीतर कव्हर फाटतं आणि बोटात घुसतं.